गिअरबॉक्स उघडण्याआधी स्पीडोमीटरकडे बघा

शहापूर मागे पडलं, खर्डी गेलं आणि कसारा घाट समोर दिसायला लागला. गाडी ७० च्या वेगात, चौथ्या गिअरमध्ये, आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा २,४०० च्या आसपास. तेवढ्यात कुणी मागून धरून ओढावं तसा हिसका बसला आणि आरपीएम थेट ३,४०० वर गेला. इंजिन ओरडायला लागलं, गाडी मात्र पूर्वीपेक्षा पुढे जाईना. शेजारी बसलेली आई म्हणाली, "अरे, तुझा काटा पडला बघ." मला वाटलं ती पेट्रोलचा काटा म्हणतेय. तो बघितला, टाकी अर्धी भरलेली होती. "काही पडला नाही," असं म्हणून मी विषय संपवला.

गाडी २०१० सालची, चार गिअरची जुन्या पद्धतीची ऑटोमॅटिक. घाटाच्या पायथ्याशी बाजूला घेऊन बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली तर सगळं ठीक! पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर पडले. पाच किलोमीटरवर पुन्हा तोच हिसका. नाशिकला पोचल्यावर एका मोठ्या गॅरेजात दाखवली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, "साहेब, बॉक्स बसला. खोलावा लागेल. पंच्याऐंशी हजार धरून चला." विकायला काढली असती तर गाडीचे दीड लाखही आले नसते.

त्यानंतर गाडी एका वायरिंगवाल्या काकांकडे नेली, तीही केवळ दुसरं मत हवं म्हणून. त्यांनी बोनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला: "हिसका बसतो तेव्हा स्पीडोमीटर चालू असतो का बंद?" आईने बघितलेला काटा तो होता.

त्याचा अर्थ काय, हे कळायला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आतून कसा चालतो ते थोडं समजून घ्यावं लागतं. पण त्याच्याही आधी तुमच्या गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे ते बघा, कारण आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला लोक 'ऑटोमॅटिक' म्हणतात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्त गाड्यांत एएमटी आला. त्यात गिअरबॉक्स साधा मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा. सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्या नसतात, दोन पुलींमध्ये एक पोलादी पट्टा फिरतो. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आलटून पालटून काम करतात. या तिघांची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. मी बोलतोय ते चौथ्या, सगळ्यात जुन्या प्रकाराबद्दल: टॉर्क कन्व्हर्टरवाला. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक ऑटोमॅटिक हॅचबॅक आणि सेदान याच जातीच्या.

शेताला पाणी देणारा गडी

टेबलफॅन चालू करून त्याच्या तोंडासमोर दुसरा बंद पंखा ठेवा. थोड्या वेळाने तोही फिरायला लागतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच, फक्त हवेच्या जागी तेल. एक चाक इंजिनला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला, मध्ये घट्ट जोड काही नाही. म्हणून तर सिग्नलला डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. दोन्ही चाकांच्या मध्ये एक तिसरं, स्टेटर नावाचं चाक असतं. ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतं, त्यामुळे गाडी सुटताना गिअरबॉक्सला इंजिनच्या ताकदीच्या जवळपास दुप्पट जोर मिळतो. वेग धरला की आतली एक क्लच प्लेट दोन्ही चाकं एकमेकांना जखडून टाकते. त्याला लॉकअप म्हणतात, ते पुढे लागेल.

कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालिकेसारखे गिअर असतात: मध्ये सूर्य, भोवती ग्रह, बाहेर एक दातेरी कडं. यातलं कोणतं धरून ठेवायचं आणि कोणतं मोकळं सोडायचं यावर गिअर ठरतो. मॅन्युअलसारखे गिअर इकडून तिकडे सरकत नाहीत. धरायचं काम क्लच प्लेटांच्या चवडी करतात आणि त्या चवडी दाबायचं काम तेलाचा दाब करतो. (होंडाने बरीच वर्षं ग्रहमालिका न वापरता, मॅन्युअलसारख्या समांतर शाफ्टांवर प्रत्येक गिअरला वेगळा क्लच दिला. तिथेही दाबणारं तेलच.)

हे तेल कुठे, कधी, किती दाबाने जायचं ते ठरवणारा भाग म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. अ‍ॅल्युमिनिअमचा ठोकळा आणि त्यात शेकडो वळणांच्या चऱ्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गावाकडचं दारं धरणं आठवलं. विहिरीवर मोटर चालू आहे, पाटाला पाणी आलंय आणि फावडं घेऊन उभा असलेला गडी एका वाफ्याचं दार मोडतो, दुसऱ्याचं बांधतो. मोटर म्हणजे गिअरबॉक्सचा पंप, पाणी म्हणजे तेल, वाफे म्हणजे क्लच आणि फावडेवाला गडी म्हणजे सॉलेनॉइड, विजेवर उघडझाप करणारी बोटाएवढी झडप. पूर्वीच्या गाड्यांत हा गडी स्वतःच्या अकलेने चालायचा. एक स्प्रिंग, वेगानुसार दाब बदलणारा एक गव्हर्नर आणि अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली एक केबल एवढ्यावर तो गिअर ठरवायचा. आता तो फोनवरच्या मालकाचं ऐकतो. मालक म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. पण मालक शहरात बसलेला, त्याला शेत दिसत नाही. गाडी किती वेगात आहे, इंजिन किती फिरतंय, पाय किती दाबलाय, तेल किती तापलंय, हे सगळं त्याला सेन्सर सांगतात.

आता शेवटचा वाफा कोरडा राहिला तर कारण काय असेल? पाणी कमी असेल. पाटात गाळ साचला असेल. गडी झोपला असेल. मालकाला कुणी खोटी बातमी दिली असेल. किंवा खरंच मोटर जळाली असेल. विहीर खणायला काढणं हा यातला शेवटचा उपाय आहे, पण बॉक्स खोलणारी गॅरेजं नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

खोटी बातमी

माझ्या गाडीत तसंच झालं होतं. तिच्या गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक सेन्सर आहे, चाकांकडे जाणारा शाफ्ट किती फिरतोय ते मोजणारा. त्याच्याच बातमीवर स्पीडोमीटरही चालतो. त्या सेन्सरकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली होती. पूर्ण तुटलेली नव्हती. वरचं प्लास्टिक गेलेलं, आतलं तांबं पावसाने हिरवं पडलेलं आणि गाडी हादरली की ती वायर बाजूच्या पत्र्याला टेकायची. टेकली की वेग शून्य. कॉम्प्युटरला दिसायचं की इंजिन फिरतंय, गिअर चौथा आहे आणि गाडी मात्र उभी आहे. असं होऊच शकत नाही, म्हणून तो शहाण्यासारखा हात वर करायचा आणि सगळ्या सॉलेनॉइडचा वीजपुरवठा तोडायचा.

वीज तोडली की झडपा आपापल्या स्प्रिंगच्या जोरावर जिथे बसतात तिथे चार गिअरच्या बऱ्याच बॉक्समध्ये तिसरा गिअर पडतो, तोही तेलाच्या पूर्ण दाबाने. म्हणून हिसका. याला लिंप मोड म्हणतात, म्हणजे लंगडत का होईना, गाडी घरी पोचावी म्हणून कंपनीने केलेली सोय. ओळखायला सोपी: सुटताना गाडी जड वाटते, गिअर बदलल्याचं कुठेच जाणवत नाही आणि इग्निशन बंद करून पुन्हा चालू केलं की काही वेळ सगळं सुरळीत होतं. हे शेवटचं लक्षण फार मोलाचं. झिजलेली क्लच प्लेट किल्ली फिरवल्याने बरी होत नाही. बंद-चालू केल्यावर दुखणं जात असेल तर संशय आधी विजेवर घ्या.

(त्या दिवशी मी तिसऱ्या गिअरमध्येच घाट चढवला. तो मूर्खपणा होता. लंगडी गाडी घाटात कन्व्हर्टरमधलं तेल घुसळत राहते आणि ते भयंकर तापतं. ट्रक बोलवायला हवा होता.)

वायरिंगच्या बाजूने बघायच्या गोष्टी तशा थोड्या आहेत. बॅटरी आधी: जुनी झालेली, स्टार्टरला कशीबशी फिरवणारी बॅटरी गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला वेड लावते. मग बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला येणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या, त्यांच्या नटाखाली गंज असतो. मग गिअरबॉक्सवर बसणारे कनेक्टर. काढून बघा, आत तेल किंवा हिरवट बुरशी दिसते का. शेवटी गिअरच्या दांड्याला जोडलेला इन्हिबिटर स्विच, ज्यावरून कॉम्प्युटरला कळतं की दांडा पी (पार्किंग) मध्ये आहे की डी मध्ये. गाडी पी मध्ये स्टार्ट होत नाही पण एन (न्यूट्रल) मध्ये होते, किंवा डॅशबोर्डवरचं अक्षर दांड्याशी जुळत नाही, तर तो स्विच सरकलेला किंवा झिजलेला आहे. आणि दांडा पी मधून निघतच नसेल तर गिअरबॉक्सला हातही लावू नका. मागचे ब्रेकलाइट लागतात का बघा. ब्रेक पेडलवरचा तो छोटासा स्विच गेला की कॉम्प्युटरला तुम्ही ब्रेक दाबलाय हे कळत नाही आणि दांड्याचं कुलूप उघडत नाही.

कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचाच, पण त्याचं ऐकायचं कसं ते माहीत हवं. पी ०७०० हा कोड दिसला की 'गिअरबॉक्स गेला' म्हणणारे भेटतील. त्या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला निरोप धाडला आहे, 'माझ्याकडे काहीतरी नोंद आहे, दिवा लाव.' खरी नोंद दुसरीकडे असते आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा तिथपर्यंत पोचतच नाहीत. गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर लागतो. त्यात पी ०७१५ किंवा पी ०७२० निघाला तर वेगाचे सेन्सर, पी ०७०५ म्हणजे इन्हिबिटर स्विच, पी ०७५० च्या आसपास म्हणजे सॉलेनॉइड. पी ०७३० आला तर मात्र जरा बसून विचार करावा: मागितलेला गिअर आणि प्रत्यक्षात फिरणारा गिअर जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय, किंवा सेन्सर खोटं बोलतोय. कोड म्हणजे तक्रार कुणाची आली आहे ते. गुन्हेगार कोण, ते मल्टिमीटरने शोधायचं.

तेलाची काडी

विजेनंतर तेल. खरं तर तेल आधी, कारण ते बघायला पैसे लागत नाहीत.

इंजिन ऑइल बघतो तसं हे बघायचं नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून तेल तापू द्यायचं, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून दांडा पी पासून खालपर्यंत आणि परत, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत फिरवायचा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक (तेल मोजायची काडी) काढायची. दांडा पी मध्ये ठेवायचा की एन मध्ये ते गाडीच्या पुस्तकात बघा. होंडाच्या बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये याच्या उलट आहे: इंजिन बंद करायचं आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत तेल बघायचं. नियम चुकला की माप चुकतं, आणि चुकलेल्या मापावर लोक अर्धा लिटर जास्त ओततात. जास्त तेल कमी तेलाइतकंच वाईट. फिरणारे गिअर ते घुसळतात, ताकासारखा फेस येतो, आणि फेसात दाब धरत नाही. काडी पुसायला जुनी बनियन घेऊ नका, तिचे धागे आत जाऊन सॉलेनॉइडच्या जाळीत बसतात. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे खालचा एक बोल्ट काढून, तेल ठराविक तापमानाला असताना बघावं लागतं. ते रॅम्पवरच करावं.

काडीवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर सोडा. लालसर, पारदर्शक आणि पसरणारा: उत्तम. तपकिरी: जुनं झालंय, घाबरण्यासारखं नाही. काळा, मध्ये चिकट ठिपका राहणारा आणि करपल्याचा वास येणारा: क्लच प्लेटा जळतायत. दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा असेल तर गाडी चालू करू नका. बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतून फुटली की कूलंट तेलात मिसळतो. पाणी क्लच प्लेटांवरच्या कागदी अस्तराचा गोंद सोडवतं आणि मग बॉक्स वाचत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचंही हेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत अनेकांनी इंजिन ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स विसरले. बॉक्सला श्वास घ्यायला वर एक छोटी नळी असते, पाणी तिथून आत शिरतं. पावसाळ्यात चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी काडी काढून बघाच.

तेल बदलताना ते सोडण्यासाठी खालून काढलेला बोल्ट हातात घ्या. बऱ्याच गाड्यांत त्याच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर काळ्या काजळासारखा मऊ लेप असणारच, ती रोजची झीज. बोटाने चोळल्यावर टोचलं, चमकणारे तुकडे किंवा दाताचा कपचा दिसला, तर मात्र पुढचं बोलणं बॉक्स खोलणाऱ्याशीच. माझ्या बोल्टवर हरभऱ्याएवढा काळा गोळा होता, लोण्यासारखा मऊ.

आणि तेल कोणतं? 'लाल ऑइल' मागू नका. जनरल मोटर्सने १९६८ च्या सुमारास डेक्स्रॉन नावाचं तेलाचं मानक बाजारात आणलं, पॉवर स्टिअरिंगमध्येही ते घालतात त्यामुळे ते आजही कोपऱ्यावरच्या प्रत्येक गॅरेजात पडलेलं असतं, म्हणून तेच सगळीकडे ओतलं जातं. ह्युंदाईच्या त्या काळच्या चार गिअरना एसपी-३, होंडाला डीडब्ल्यू-१, टोयोटाच्या नव्या बॉक्सना डब्ल्यूएस लागतं, सीव्हीटीचं तर सर्वस्वी वेगळं. फरक रंगात नसतो, घर्षणात असतो. क्लच प्लेट पकडताना किती घसरावी आणि कधी घट्ट धरावी, हे तेलातल्या मिश्रणावर ठरतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या कामासाठी स्पर्म व्हेलचं तेल घालत. त्या तेलावर बंदी आली तेव्हा रसायनवाल्यांना पर्याय शोधताना घाम फुटला होता.

जुनं तेल बदलावं का?

'एक लाख किलोमीटर बदललं नाही ना, मग आता हात लावू नका, लावला की बॉक्स जाईल.' हे ऐकलं नाही असा जुन्या ऑटोमॅटिकचा मालक नसेल. यात थोडं तथ्य आहे, पण उलटं सांगितलेलं. ज्या बॉक्समध्ये प्लेटा आधीच संपल्या आहेत, त्याच्या तेलात त्यांचाच भुसा तरंगत असतो आणि त्या भुशामुळे थोडी पकड टिकून असते. नवं, स्वच्छ, निसरडं तेल घातलं की उरलेली पकडही जाते. म्हणजे तेलाने बॉक्स मारला नाही. तो मरणपंथाला लागला होता म्हणून तर तेल बदलायला नेला होता!

माझं मत स्पष्ट आहे. गिअर घसरत नसतील तर बदला, कितीही जुनं असो. घसरत असतील तर तेलाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. 'लाइफटाइम ऑइल' हा शब्द मी मनावर घेत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक मोठ्या गाड्यांचे बॉक्स बनवते आणि ती स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला म्हणते.

मशीन लावून दाबाने धुऊन काढण्यापेक्षा जुन्या बॉक्सला मी साधी पद्धत सुचवेन: बोल्ट काढा, निघेल तेवढं काढा, मोजा, तेवढंच भरा. यात सगळं तेल निघत नाही, कारण निम्मं कन्व्हर्टरमध्ये अडकलेलं असतं. समजा एकूण सहा लिटर आहे आणि एका वेळी तीन निघतं. पहिल्यांदा निम्मं नवं झालं. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा केलं की ७५ टक्के, तिसऱ्यांदा साडेसत्त्याऐंशी. तेल नऊ लिटर लागलं, पण गाळ एकदम हलला नाही, आणि दर वेळी चुंबकावर काय आलं ते बघायला मिळालं. फिल्टर बाहेरून काढता येणारा असेल तर पहिल्याच खेपेला बदला.

जे गिअरबॉक्सचं वाटतं पण नसतं

डी किंवा आर (रिव्हर्स) टाकला की 'धप्प' आवाज येतो आणि गाडी अंगभर हलते? बोनेट उघडून कुणाला तरी बघायला सांगा (समोर उभं न राहता, बाजूने!) आणि ब्रेक दाबून डी-आर-डी करा. इंजिन चार बोटं उचललं जात असेल तर माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्या आधाराचं रबर फाटलंय.

साठच्या आसपास, हलक्या पायाने चालवताना गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते? इथे दोन संशयित आहेत: लॉकअप क्लच आणि इंजिनचा एखादा सिलिंडर. थरथर चालू असतानाच डाव्या पायाने ब्रेक पेडलला दिवा लागेल एवढाच स्पर्श करा, मागे गाडी नाही हे बघून. कॉम्प्युटर लॉकअप लगेच सोडतो. थरथर त्या क्षणी थांबली तर लॉकअप, म्हणजे बहुतेकदा थकलेलं तेल, आणि हे दुखणं तेल बदलून खरंच बरं होऊ शकतं. नाही थांबली तर स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. प्लग बदलून 'गिअरबॉक्स बरा झालेल्या' गाड्या मी बघितल्या आहेत.

गाडी शेवटचा गिअर टाकतच नाही? तापमानाचा काटा बघा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला की इंजिन कायम थंड राहतं आणि थंड इंजिनला बरेच कॉम्प्युटर वरचा गिअर किंवा लॉकअप देत नाहीत. जुन्या केबलवाल्या गाड्यांत गिअर फार उशिरा किंवा फार लवकर पडत असतील तर थ्रॉटलची केबल ताणली किंवा सैल झाली आहे का ते बघा. आणि नुकतीच बॅटरी काढून लावली असेल तर दोन-चार दिवस थांबा. कॉम्प्युटर आपल्या सवयी विसरलेला असतो, तो पुन्हा शिकतो.

जे खरंच आतलं असतं

एक चाचणी घरीच करता येते. गाडी गरम, सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, एसी बंद. एन वरून डी टाका आणि हलका हिसका जाणवेपर्यंत मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. मग एन वरून आर. टोयोटासारख्या कंपन्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत डी ला १.२ सेकंदांपेक्षा कमी आणि आर ला १.५ सेकंदांपेक्षा कमी असं माप दिलेलं असतं. दर वेळी मध्ये मिनिटभर थांबून तीनदा करा, सरासरी काढा आणि गाडी चांगली असतानाच वहीत लिहून ठेवा. दोन-तीन सेकंद लागायला लागले तर दाब कमी आहे: तेल कमी, फिल्टर चोंदलेला किंवा सील कडक झालेले. फक्त पहाटे, रात्रभर उभ्या गाडीलाच उशीर होत असेल तर तेल कन्व्हर्टरमधून खाली उतरलेलं असू शकतं. ते तितकं गंभीर नाही.

दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना इंजिन मध्येच रिकामं रेस होतं आणि मग गिअर पडतो, हे मात्र घसरणं. एखाद्याच जोडीत होत असेल तर तो एक क्लच, त्याचा सॉलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीतली एक झडप. सॉलेनॉइडचा रोध मल्टिमीटरने मोजता येतो: साध्या उघडझाप करणाऱ्यांचा साधारण १० ते २५ ओहम, दाब नियंत्रित करणाऱ्यांचा त्याहून बराच कमी, पाच ओहमच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला धरायचा. अनेक गाड्यांत सॉलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी बॉक्स न उतरवता बदलता येतात, म्हणून 'बॉक्स खाली घ्यावा लागेल' या वाक्यावर 'का?' असा प्रश्न विचारायला लाजू नका. सगळ्याच गिअरमध्ये घसरत असेल, करपट वास असेल आणि चुंबकावर तुकडे असतील, तर वाद संपला. ब्रेक दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट तुम्ही स्वतः करू नका. ती पाच सेकंदांच्या वर गेली की शंका असलेला बॉक्स शंका न उरेल असा करून ठेवते.

अशी गाडी ओढून नेतानाही फसगत होते. पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं रस्त्यावर फिरवत पन्नास किलोमीटर दोरीने नेली तर आत तेलाचा थेंब फिरत नाही. सपाट ट्रकवर चढवूनच न्या. धक्का मारून ऑटोमॅटिक स्टार्ट होत नाही, तेही याच कारणाने.

बॉक्स खोलायचाच ठरला तर दोन वाटा. आहे तोच नव्या प्लेटा आणि सील टाकून बांधून घेणे, किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून जुना उचलणे. जुना घेताना त्यावरचा कोड तुमच्या बॉक्सशी अक्षर-आकड्यानिशी जुळवा. नुसतं मॉडेल एक असून भागत नाही, एकाच गाडीत दोन वर्षांत वेगळे बॉक्स असतात. कन्व्हर्टर बरोबर घ्या. वायरिंगचे कनेक्टर नीट काढलेले आहेत की कोयत्याने तोडलेले, बघा. आणि पैसे देण्याआधी त्याचा बोल्ट काढून पेलाभर तेल टिश्यूवर ओतायला सांगा, देणारा का-कू करायला लागला तर पुढच्या दुकानात जा.

कोणतीही वाट धरली तरी जुन्या बॉक्सच्या प्लेटांचा सगळा भुसा रेडिएटरजवळच्या ऑइल कूलरमध्ये आणि त्याच्या नळ्यांमध्ये बसलेला असतो. तो तसाच ठेवून नवा बॉक्स चढवला तर पहिल्याच दिवशी तो भुसा नव्या बॉक्सच्या फिल्टरमध्ये जातो आणि तीन महिन्यांनी 'माल खराब निघाला' असं ऐकायला मिळतं. म्हणून बिल देण्याआधी विचारा, कूलर धुतला का. धुतला म्हणाले तर कशाने, तेही विचारा.